उरलेल्या फरशीची खोली

मी, सौ. वच्छलाबाई गहिनीनाथ तौर, वय वर्षे ६७, निवृत्त अंगणवाडी सेविका, मूळ राहणार चकलांबा, ता. गेवराई, हल्ली राहणार ‘मातोश्री’, बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवीत आहे. दबावाला बळी पडून मी आजवर एकच मोठी गोष्ट केली, ती म्हणजे या घराची फरशी पसंत केली. तिचा निकाल याच कागदात लागणार आहे.

माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता, शंभरातून सात गेले तर किती उरतात, असे प्रश्न विचारले. उत्तरे देऊन झाल्यावर मी त्यांच्या तपासणीच्या खोलीतली कोणती फरशी खालून पोकळ वाजते तेही त्यांना दाखवले. त्यांनी दाखल्यावर प्रकृती ‘उत्तम’ असे लिहून दिले.

मृत्युपत्राची भाषा मोजकी असावी, अशी माझ्या वकील ॲड. सत्यशीला जोगदंड यांची सूचना होती. ती मी आदराने ऐकून घेतली. अंगणवाडीत सारा जन्म मी दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यांत लिहिले. या कागदाला रकाने नाहीत, तेव्हा थोडे मोकळे लिहिणार आहे.

कलम १. सदर घर आणि त्याखालची जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. घरातल्या बाकीच्यांना हे वाचून धक्का बसेल, म्हणून अगोदरच सांगते. माझ्या वडिलांच्या शेतातला माझा वाटा रस्त्यात गेला आणि त्याचा मोबदला माझ्या खात्यावर आला. तो आला त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना एकदम जाणवले की चकलांब्यात आता राम राहिलेला नाही. बीडमध्ये भिंती आणि स्लॅब झालेले एक अर्धे घर विकायला निघाले होते, ते घ्यायचे ठरले. खरेदीखत कोणाच्या नावे करावे यावर माझे यजमान गहिनीनाथ, थोरला मुलगा आदिनाथ आणि पुण्याहून फोनवर धाकटा हनुमान यांची बरीच खलबते झाली. आदिनाथचे म्हणणे, आपण राजकारणात आहोत, आपल्या नावावर घर असले की वजन पडते. हनुमानाचे म्हणणे, आपल्याला पुण्यात कर्ज काढताना दाखवायला बरे पडेल. शेवटी मुद्रांकाच्या कागदांचे काम करणाऱ्याने सांगितले की घर बाईच्या नावे घेतले तर शुल्कात एक टक्का सूट मिळते. चर्चा तिथेच संपली. पैसे माझे होते म्हणून नव्हे, तर एक टक्का वाचत होता म्हणून मी मालकीण झाले.

रजिस्ट्री ऑफिसातून बाहेर पडल्यावर आदिनाथने मला उसाचा रस पाजला. मालकीण म्हणून माझा झालेला सत्कार तेवढाच. पुढे फिनिशिंगच्या गडबडीत घर कोणाचे आहे हे सगळेच विसरले. घरपट्टीची पावती दरवर्षी माझ्या नावाने येते, पण ती भरायला कोणी जात नाही, मीच जाते, त्यामुळे माझ्या एकटीच्या लक्षात राहिले.

कलम २. फरशीबाबत. बीडमध्ये जालना रोडला सिद्धलिंगअप्पांचे दुकान आहे. अप्पांनी मला खुर्ची दिली, थंड पाणी दिले आणि मग माझ्याकडे पाठ करून ते आदिनाथशी बोलू लागले. हनुमान फोनच्या पडद्यावर होता. मी शहाबादी फरशी मागितली. उन्हाळ्यात गार राहते, बसले तरी पाय सरकत नाही, पाटा-वरवंटा ठेवला तरी तक्रार करत नाही. मग अप्पा समजुतीच्या आवाजात म्हणाले, “मावशी, शहाबादी आता लोक गोठ्याला टाकतात.” आदिनाथच्या सोबत आलेले दोन कार्यकर्ते हसले. त्यांचे हसणे हाच त्यांचा पगार आहे, म्हणून त्यांना मी माफ करते.

त्यानंतर पसंत झाली ती आरशासारखी पांढरी फरशी, तिच्यात करड्या रंगाच्या भेगा छापलेल्या. तिचे नाव इटलीचे आणि जन्म गुजरातचा. चकलांब्याच्या घराच्या भिंतीला खरी भेग पडली होती, तेव्हा याच आदिनाथला लाज वाटून त्याने आपल्या सोयरिकीचे पाहुणे शेजाऱ्याच्या ओसरीवर बसवले होते. इथे छापील भेगांना जादा भाव दिला. सगळे ठरल्यावर मला विचारले, “आई, पसंत हाय ना?” अप्पा बघत होते, कार्यकर्ते बघत होते, फोनमधून हनुमान बघत होता. मी मान हलवली. वर ज्या दबावाचा उल्लेख केला आहे, तो हा.

काळ्या रानातून येणाऱ्या माणसांच्या घरात पांढरी फरशी घालणे आणि तीही नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गल्लीत, ही अक्कल आमच्याच घरात निघू शकते. पाणी प्यायला जपून वापरतात आणि फरशी पुसायला टँकर मागवतात. डाग पडू नये म्हणून फरशीवर चटया टाकल्या, चटया मळू नयेत म्हणून चटयांवर जुने बेडशीट. शेतातून आलेल्या माझ्या यजमानांना फाटकाशी पाय धुवावे लागतात, मग पुसावे लागतात, मग सून तपासते. ते एकदा हॉलमध्ये पाय घसरून पडले तेव्हा आदिनाथ धावत आला आणि त्याने अगोदर खाली वाकून फरशी पाहिली. मी तिथे उभी होते, म्हणून लिहिते.

कलम ३. स्वयंपाकघराबाबत. ओट्यामागच्या भिंतीला चित्राच्या फरश्या बसवल्या आहेत. त्यात द्राक्षांचा घड आहे, सोललेले संत्रे आहे आणि मधोमध उंच दांड्याचा एक लालभडक पेला आहे. माझे यजमान माळकरी. नारायणगडाची वारी त्यांनी चुकवलेली नाही, चहा पितात तोही नाव घेऊन. त्यांनी विचारले की पेल्यात काय आहे. आदिनाथ म्हणाला, डाळिंबाचा ज्यूस. वास्तुशांतीला कीर्तनाला आलेले एक महाराज जेवायला बसले, त्यांनी मान वर केली आणि त्यांचा घास जागीच थांबला. तेव्हापासून त्या पेल्यावर मंगल कलशाचे स्टिकर लावले आहे. वाफेने ते दर महिन्याला सुटते आणि खालून पेला वर येतो.

ओटा फिनिशिंगसाठी नेमलेल्या डिझायनरबाईच्या उंचीचा केला. तिला भाकरी येत नाही. त्यावर भाकरी थापायची तर मला पाटावर उभे राहावे लागते, आणि काचेच्या शेगडीवर भाकरीचे पीठ सांडले की सून स्वप्नाली लगेच फडके घेऊन धावते. त्यामुळे खरा स्वयंपाक मागच्या अंगणात पत्र्याखाली होतो आणि आतले स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला ठेवले आहे. पाहुणे म्हणतात, किती स्वच्छ ठेवलंय.

कलम ४. धाकटा मुलगा हनुमान याच्याबाबत. हनुमान पुण्यात मोठ्या नोकरीला आहे आणि बीडच्या घराला तिथून सल्ले देतो. त्याने फरशी आपोआप पुसणारे एक गोल यंत्र पाठवले. ते यंत्र उंबऱ्याला अडेल म्हणून घरात एकाही दाराला उंबरा ठेवायचा नाही, असे त्याने कळवले आणि डिझायनरबाईने ते लगेच उचलून धरले. उंबऱ्याशिवाय घर असते हे मला ठाऊक नव्हते. सणाला हळदकुंकू कुठे वाहायचे म्हणून विचारले तर स्वप्नालीने दारात खडूने एक रेघ ओढून दिली, बिचारीने. यंत्राने थोडेच दिवस काम केले. मग त्याच्या पोटात बायकांचे केस गुंतले आणि ते सोफ्याखाली जाऊन बसले, ते अजून तिथेच आहे. सदर यंत्र, हॉलमधले काचेचे झुंबर आणि त्याने आजवर पाठवलेले सर्व सल्ले मी हनुमानास परत देत आहे. त्याने ते स्वतःच्या खर्चाने न्यावेत.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. या घराबद्दल मी एकच मागणी केली होती. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती आणि तिला बोळात उघडणारे स्वतःचे दार होते. ती खोली माझी मुलगी बबिता हिला द्यावी, एवढेच माझे मागणे. बबिता सासरहून परत आलेली आहे. का आली ते तिला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, रजिस्ट्री ऑफिसला कळण्याची गरज नाही. ती ब्लाऊज शिवते आणि चांगले शिवते. बायका मागच्या दाराने येतील, मापे देऊन जातील, हॉलमधल्या राजकारणाला त्रास होणार नाही, असे मी सांगितले. सगळे हो म्हणाले. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत नाही, हो म्हणून न करण्याची आहे.

मग फिनिशिंग सुरू झाले आणि खोली रोज थोडी थोडी खाल्ली जाऊ लागली. हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटाला खोल जागा पाहिजे म्हणून मधली भिंत आत सरकली. दुसऱ्या भिंतीला आदिनाथच्या सत्काराच्या शाली आणि स्मृतिचिन्हे ठेवायला काचेची कपाटे आली. बोळातले दार वास्तुतज्ज्ञाने बंद करायला सांगितले. तरी एक खाट आणि एक मशीन मावेल एवढी जागा उरली होती. तेवढ्यात फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीने जाता जाता सांगितले की पुढे एखादी फरशी फुटली तर हीच छटा पुन्हा मिळत नाही, तेव्हा काही खोकी शिल्लक ठेवा. आदिनाथने काही खोकी ठेवली नाहीत, भिंतभर ठेवली. वास्तुतज्ज्ञाने सांगितले की जड वस्तू घराच्या नैऋत्येला असावी, आणि ती खोली नेमकी नैऋत्येला. शिलाई मशीनही जड असते, असे मी म्हणून पाहिले. ते विनोद म्हणून घेतले गेले.

खोकी ओलीने खराब होऊ नयेत म्हणून खाली फळ्या घातल्या. कोंदट होऊ नये म्हणून वर पंखा बसवला. तो पंखा मी बबितासाठी आणला होता.

बबिताने तक्रार केली नाही. तिने मशीन जिन्याखालच्या कोपऱ्यात मांडले आणि तिथे शिवू लागली. एके दुपारी आदिनाथकडे कोणी वजनदार पाहुणे यायचे होते. मशीनची मोटार चालू होती. तो येऊन म्हणाला, “मशीनच्या दणक्यानं फरशी उचलती, बबे. लई महागाची हाय.” बबिताने दोरा तोडला, मोटार बंद केली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे दादा. फरशी संबाळ तू.” त्याच संध्याकाळी मशीन रिक्षात घालून ती गेली. आता बीडजवळ पालीला एका भाड्याच्या खोलीत राहते. माझे यजमान सोफ्याच्या प्लास्टिकवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, “पोरं म्हणत्यात तसं होऊ दे.” मग पेपर पुन्हा वर घेतला.

घर सोडून जाणारी लेक निदान उंबरा ओलांडून जाते. माझ्या लेकीला तोही मिळाला नाही, ती नुसती चालत गेली. त्या दिवशी मला रडू आले नाही, राग आला. हा कागद त्या रागाचा आहे. राग अजून तितकाच ताजा आहे, याची पुढेमागे कोर्टाने नोंद घ्यावी.

कलम ६. सबब सदर ‘मातोश्री’ नावाचे घर, खालचा आणि वरचा मजला, मागचे अंगण, बोळ, पत्रा, पाण्याची टाकी यांसह, माझ्या पश्चात पूर्ण मालकी हक्काने माझी मुलगी बबिता हिचे राहील. त्यात तिच्या भावांचा, त्यांच्या वास्तुतज्ज्ञांचा आणि डिझायनरबाईचा काहीही संबंध राहणार नाही. बबिताने मागच्या खोलीचे बोळातले दार पुन्हा फोडावे. भिंत जागेवर आणावी. दारांना उंबरे बसवावेत. मशीन तिला वाटेल तिथे, अगदी हॉलच्या मध्यभागी, झुंबर होते त्याच्या बरोबर खाली ठेवावे आणि दणदणीत चालवावे. फरशी उचलली तर उचलू द्यावी. माझा पाटा-वरवंटा, भाकरीचा पाट, पितळी घंगाळ आणि अंगणवाडीच्या निरोप समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ हेही तिचेच. घड्याळ मागे पडते, पण त्याला निदान चालायची इच्छा आहे.

कलम ७. थोरला मुलगा आदिनाथ याच्याबाबत. आदिनाथ भावी नगरसेवक आहे आणि गेली बरीच वर्षे भावीच आहे. त्याने हॉल मोठा केला तो कार्यकर्त्यांसाठी. मागच्या निवडणुकीत त्याला मिळालेली सगळी मते त्या हॉलमध्ये आणून बसवली तरी एक सोफा मोकळा राहील. छतावर पीओपीची फुले आहेत आणि त्यांच्या मागून जांभळा उजेड पडतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो त्या उजेडात काढतात. मी एकदा त्या उजेडात बसून तांदूळ निवडले तर खडे दिसेनात.

फाटकावर ‘मातोश्री’ अशी सोनेरी अक्षरे आहेत. अक्षरे बसवली त्या दिवशी कार्यकर्त्यांनी फटाके वाजवले. ज्या मातोश्रीचे नाव आहे ती त्या वेळी मागच्या पत्र्याखाली त्यांच्यासाठी भाकरी थापत होती. फोटोला बोलावले तेव्हा मी पदराला हात पुसत आले, तर मला चटईच्या कडेने चालायला सांगितले गेले.

आदिनाथला मी खालीलप्रमाणे देत आहे: फाटकावरची सोनेरी अक्षरे, काना-मात्रेसह. पीओपीमागचे सर्व दिवे. प्लास्टिकसह सोफा. सत्काराच्या शाली. आणि मागच्या खोलीत जपून ठेवलेली उरलेल्या फरशीची सर्व खोकी. खोकी त्याने स्वतः उचलावीत, कार्यकर्त्यांना लावू नये. त्याला नवे घर बांधायचे असेल तर फरशी तयारच आहे आणि ती छटा पुन्हा मिळत नाही.

माझ्यावर अन्यायाचा आरोप होईल, म्हणून एक खुलासा. चकलांब्याची सगळी जमीन यजमानांच्या नावे आहे. ती दोन्ही मुलांना जाणार हे गृहीत धरलेले आहे आणि त्यात बबिताचे नाव घालायची कोणाला आठवण होणार नाही, हेही मी गृहीत धरलेले आहे. हनुमानाचे पुण्यात घर आहे. तेव्हा उघड्यावर कोणीही पडत नाही. पडली होती ती एकच, तिची सोय मी केली.

कलम ८. माझे यजमान श्री. गहिनीनाथ तौर यांना हयातीपर्यंत या घरात राहण्याचा हक्क राहील. माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवले नाही आणि कधी माझ्या बाजूने बोललेही नाहीत. त्यांनी शेतातून यावे आणि न धुतलेल्या पायांनी सरळ आत जावे, बबिता त्यांना अडवणार नाही. मात्र यापुढे घरात काही ठरत असेल आणि त्यांना विचारले, तर ‘पोरं म्हणत्यात तसं होऊ दे’ हे वाक्य वापरण्यास त्यांना या मृत्युपत्राने मनाई करण्यात येत आहे. वकीलबाई म्हणतात, असे कलम कोर्टात टिकणार नाही. न टिको. त्यांनी एकदा वाचले म्हणजे पुरे.

कलम ९. माझ्या शेवटाबाबत. आमच्याकडे माणसाचे अखेरचे चिन्ह दिसले की त्याला खाटेवरून भुईवर काढतात. भुई अगोदर शेणाने सारवतात. या घरात भुई नाही. हॉलच्या फरशीवर शेण धरत नाही, तीर्थ सांडले तर ते वाहत टीव्हीच्या कपाटाखाली जाते, आणि कणकेच्या दिव्याचे तेल सांडले तर माझे प्रेत उचलायच्या आत माझ्या सुनेला फडके घेऊन बसावे लागेल. तसे करू नये. मला मागच्या अंगणात, पत्र्याखाली, जिथे मी भाकऱ्या केल्या तिथल्या मातीवर काढावे. मातीवर सारवता येते. जांभळे दिवे लावू नयेत. ‘मातोश्री अनंतात विलीन’ असा फलक, त्यावर आदिनाथचा हात जोडलेला फोटो आणि खाली शोकाकुल कार्यकर्त्यांची नावे, हे चौकात लावू नये. लावल्यास त्यावर माझा फोटो तरी आदिनाथच्या फोटोपेक्षा मोठा असावा.

कलम १०. पोस्टात माझी जी काही ठेव आहे, तिच्यातून माझे दिवसकार्य करावे आणि जे उरेल त्यातून बबिताने मागच्या खोलीत फरशी घालावी. कोणती घालायची ते तिने ठरवावे. दुकानात जाताना सोबत कोणालाही नेऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. सत्यशीला जोगदंड यांनी करावी.

कलम ११. माझी सून सौ. स्वप्नाली आदिनाथ तौर हिला या घराच्या वरच्या मजल्यावर तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. हा हक्क तिचा आहे, तिच्या नवऱ्याचा नाही. नवरा तिच्या परवानगीने राहील. या घरात लग्न करून आल्यापासून तिने सर्वांत जास्त वेळ जिच्यासोबत काढला ती फरशी आहे. तिला एकदा तरी ती मळलेली पाहून चहा पीत बसता यावे.

वरील कलम ११ वर आडवी रेघ मारलेली दिसेल. सही करण्यापूर्वी ती का मारावी लागली, हे लिहिणे भाग आहे.

साक्षीदार दोन ठरले होते. एक माझी अंगणवाडीतली मदतनीस सुंदरबाई आणि दुसरे आमचे शेजारी. शेजारी वकीलबाईंच्या ऑफिसात वेळेवर आले, चहा प्याले, कलम ७ ऐकले आणि त्यांना अचानक एका मयतीला जायचे आठवले. त्यांना रोज सकाळी आदिनाथचे तोंड बघायचे आहे, त्यांचा राग नाही. आज आदिनाथ मुंबईला गेला होता म्हणून मला घरातून निघता आले. डोळे तपासायला जाते असे सांगून आले होते. मला रिक्षातून उतरवायला स्वप्नाली सोबत होती आणि बाहेरच्या बाकावर बसली होती. साक्षीदार नाही म्हटल्यावर वकीलबाई म्हणाल्या, अंमलबजावणी माझ्याकडे आहे, माझी साक्ष नको, पुन्हा कधीतरी या. पुन्हा कधी निघता येईल, ते मला सांगता येईना.

तेव्हा स्वप्नाली आत आली आणि म्हणाली की मी सही करते. काय लिहिले आहे ते तिला मी स्वतः वाचून दाखवले, तिच्या नवऱ्याच्या कलमासह. ती मान खाली घालून ऐकत होती. वकीलबाईंनी तिला समजावले की ज्याला या कागदातून काही मिळायचे आहे, त्याने साक्षीला उभे राहू नये. उद्या भांडण कोर्टात गेले तर समोरचा नेमके तेवढेच धरून बसेल. म्हणजे सही करायची तर कलम ११ ठेवता येणार नाही आणि कलम ११ ठेवायचे तर तिची सही चालणार नाही.

तिने टेबलावरचा पेन घेतला. मी तिचा हात धरला. “अगं, या घरात तुझ्या नावाचं एवढंच हाय,” मी म्हणाले.

“आत्या, माझं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “बबिताताईंची खोली आदी उघडू द्या.”

आणि तिने रेघ मारली. शेजारी तिने, मी आणि वकीलबाईंनी छोट्या सह्या केल्या आहेत. उद्या आदिनाथला हे कळेल तेव्हा त्या घरात तिला काय ऐकून घ्यावे लागेल, हे तिला माहीत आहे आणि मलाही. मी जिवंत असेपर्यंत तिच्या आणि त्याच्या मध्ये मी उभी आहे. त्यानंतरचे खाली लिहिते.

बबिता, हे तुझ्यासाठी आहे. कायद्याने कलम ११ रद्द झाले आहे. या घरावर स्वप्नालीचा आता काडीचाही हक्क नाही. तू मालकीण म्हणून तिला बाहेर काढलेस तर तुला कोणी अडवू शकणार नाही, तशी सोय तिनेच करून दिली आहे. पण रेघ तिने एकच मारली आहे. खालची अक्षरे स्वच्छ दिसतात. वाचायला तुला मी शिकवले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो बरोबर आहे म्हणून दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली. माझ्या समक्ष त्यांनीही केली.

लिहून देणार :
(सही) सौ. वच्छलाबाई गहिनीनाथ तौर

साक्षीदार :

१. (सही) सुंदरबाई बंकट गिरे, निवृत्त अंगणवाडी मदतनीस, रा. चकलांबा, ता. गेवराई

२. (सही) सौ. स्वप्नाली आदिनाथ तौर, रा. ‘मातोश्री’, बीड. लिहून देणारीशी नाते : सून. या मृत्युपत्राने मिळणारी मिळकत : काही नाही.

स्थळ : बीड
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५